साखरपुड्याची मिरची

आमच्या चुलीवर कालवणाची दोन पातेली असायची. मोठं पातेलं घराचं आणि त्याच्या शेजारी निखाऱ्यावर सरकवलेलं छोटं, कडेला चेपलेलं पातेलं आबांचं. मोठ्या पातेल्यातली येसर आमटी लाल, तिच्यावर तेलाचा तवंग, आणि तिचा वास दारातून आत येणाऱ्याच्या नाकाला आधी झोंबायचा, मग भूक लागायची. आबांच्या पातेल्यातलं कालवण पिवळट, बिचारं, आजाऱ्याच्या चेहऱ्यासारखं. सकाळी आम्ही जागे व्हायचो तेच मायच्या खलबत्त्याच्या आवाजानं. तव्यावर मिरच्या तडतडल्या की आबा अंथरुणातूनच खोकायला लागायचे, आणि खोकत खोकतच विहिरीकडं निघून जायचे. गावातल्या बाकीच्या घरात कोंबडा आरवल्यावर माणसं उठायची, आमच्यात आबा खोकल्यावर.

माय गोदाकाठची. तिच्या माहेरी म्हणे तान्ह्या लेकराच्या जिभेवरसुद्धा आमटीचं बोट ठेवायचे. तिखट खाताना तिच्या कपाळावर कधी घामाचा थेंब दिसला नाही. उलट दुपारी शेतात भाकरी सोडली की ठेचा बोटानं चाटून ती म्हणायची, "आज कसं, तोंडाला काही लागूनच न्हाई राह्यलं." आबा वडीगोद्रीजवळच्या एका शाळेवर गुरुजी. सडपातळ, टक्कल पडलेले, पांढरा सदरा. त्यांच्या जिभेला मिरचीचा नुसता वारा लागला तरी आधी टकलावर घाम यायचा, मग उचकी लागायची. उचकी एकदा लागली की पुढचा तास वाया. आमच्या शाळेत सनावळ्यांपेक्षा गुरुजींच्या उचक्या पोरांना जास्त पाठ होत्या.

मराठवाड्यात हा माणूस जन्माला कसा आला, हा प्रश्न सगळ्या नातेवाईकांना होता. कुणाच्या घरी जेवायला बसले की आबा हळूच म्हणायचे, "मला जरा बेताचं." आमच्याकडं बेताचं म्हणजे दोन पळ्या कमी वाढायच्या, तिखट तेवढंच. मग आबा खिशातून कागदात बांधलेला गूळ काढायचे. यजमानीण बाई म्हणायची, "गुर्जी, गुळाची सवय हाय जणू!" आबा मान डोलवायचे. आपल्याला तिखट सोसत नाही हे सांगायची त्यांना लाज वाटायची. मला आता वाटतं, त्या लाजेतूनच सगळं रामायण घडलं.

ते सुरू झालं भानुदासमामामुळं. मामा मायचा धाकटा भाऊ, जालन्याबाहेर एका बियाणे कंपनीच्या शेतावर कामाला. कंपनीची टोपी तो जेवतानासुद्धा काढायचा नाही. 'क्रॉस' आणि 'लाईन' हे दोन शब्द तो इतक्या रुबाबात बोलायचा की गावाला वाटायचं, हा तिकडं रेल्वे चालवतो. एकदा तो आला तेव्हा त्यानं कागदाच्या पुडीतून मूठभर लांब, सुरकुतलेल्या, गर्द लाल मिरच्या आणल्या. "दाजी, ही ब्याडगी. रंग बघा. आणि खाऊन बघा." आबांनी भीत भीत टोक चावलं. थांबले. टकलाला हात लावून बघितला. कोरडं. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी पुढं फक्त एकदाच पाहिलं, माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा.

"लाल हाय आणि लागत न्हाई!" आबा म्हणाले.

"पण आपल्या उन्हात टिकत न्हाई दाजी. पानं गोळा होतात, फूल गळतं. क्रॉस करावा लागतो."

झालं. आबांनी विहिरीजवळचा तुकडा ताब्यात घेतला. ब्याडगीची झाडं लावली, शेजारी गावरान मिरची. मामानं बारीक चिमटा आणून दिला आणि कसं करायचं ते दाखवलं. उद्या उमलणार अशी कळी आज संध्याकाळी हलक्या हातानं उघडायची, आतले निळसर पराग काढून टाकायचे, सकाळी दुसऱ्या झाडाच्या फुलाचे पराग आणून मधल्या काडीच्या टोकाला लावायचे, वर दोरा बांधून ठेवायचा. आबा शाळेतून आले की चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन कळ्यांपुढं उकिडवे बसायचे. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून विचारायची, "गुर्जी, काय हरवलं का?" माय घरातून ओरडायची, "डोस्कं हरवलंय, सापडलं तर सांगा!"

पहिल्या वर्षीच्या त्या बियांची झाडं आली ती सगळी एकसारखी, धट्टीकट्टी, फळांनी लगडलेली. आबा खूष. आणि सगळ्यांच्या सगळ्या मिरच्या तिखटजाळ. आबा दोन दिवस उचक्या देत होते. मामा म्हणाला, "यांचंच बी पुन्हा लावा, मंग मजा बघा." आज मला त्यातलं गणित ठाऊक आहे. तिखटपणा हा गुण असा दांडगा असतो, की आईबापांतला एक जरी तिखट असला तरी पहिली पिढी तिखटच निघते. सौम्यपणा तिच्या पोटात गप बसून राहतो आणि नातवंडांत कुठंतरी डोकं वर काढतो. तेव्हा आम्हाला यातलं काही कळत नव्हतं. आम्ही नुसतं बी लावलं आणि त्या हंगामात वाफ्यात जे उगवलं ते पाहून घरात हसून हसून पोटं दुखली.

एकाही झाडाचं दुसऱ्याशी जमत नव्हतं. एक उंच आणि वांझोटं, एक बुटकं आणि फळांनी वाकलेलं. कुणाच्या मिरच्या आभाळाकडं तोंड करून, कुणाच्या जमिनीकडं. एकाची मिरची लांब पण फिकी, दुसऱ्याची आखूड आणि रक्तासारखी लाल, तिसऱ्याची अशी वाकडी की विंचवाची नांगी. आबा बांधावर उभे राहून म्हणाले, "हे तर आपलं भाऊबंद लग्नाला जमल्यासारखं दिसून राह्यलं." आणि त्यांनी झाडांना नावंच दिली. ते उंच, डौलदार, बिनकामाचं झाड म्हणजे काशिनाथकाका. सगळ्या अंगानं पसरून शेजारच्याचं ऊन अडवणारं झाड म्हणजे आमची थोरली आत्या. वरून गोड आणि बियांपाशी जहर असलेलं एक झाड होतं, त्याला आबांनी मायच्या आईचं नाव दिलं आणि त्या दिवशी त्यांच्या छोट्या पातेल्यात कालवण शिजलंच नाही. ही नावं घरात राहावीत अशी अपेक्षा होती. पण एकदा काशिनाथकाका बांधावरनं जात असताना आबा गड्याला मोठ्यानं सांगत होते, "तो काशिनाथ उपटून टाक, नुसताच वाढलाय!" त्यानंतर काका कित्येक वर्षं आमच्या घरी चहा प्यायले नाहीत.

चव बघायचं काम माझ्याकडं होतं. आबांना ते झेपणारं नव्हतं, मायला सगळंच अळणी लागायचं, आणि माझी थोरली बहीण यशोधरा, म्हणजे आमची आक्का, डी.एड. झालेली असल्यामुळं असल्या कामाला हात लावत नसे. माझी जीभ आबा आणि माय यांच्या बरोबर मध्ये पडत होती. आबा प्रत्येक झाडाची एक मिरची उभी चिरून मधल्या पांढऱ्या शिरेजवळची फोड माझ्या जिभेवर ठेवायचे आणि माझ्या तोंडाकडं बघत बसायचे. त्यांची मोजमापं ठरलेली होती. मी गप्प राहिले तर 'उत्तम'. ओठ पुसले तर 'चालेल'. पाणी मागितलं तर 'बाद'. आणि मी आबांनाच काही बोलले तर ते झाड लगेच उपटून बांधावर. दोन मिरच्यांच्या मध्ये गुळाचा खडा मिळायचा. वर्गातल्या मैत्रिणी चिंचा-बोरं खात होत्या त्या वयात मी बापाच्या वाफ्यात तोंड उघडून बसलेली असायची. पुढं नोकरीत मिरचीचा तिखटपणा मोजणारी यंत्रं आली, त्यांचे आकडे कागदावर यायला लागले. पण कागद आला तरी मी आधी फोड तोडून जिभेवर ठेवायचे आणि माझ्या हाताखालची पोरं एकमेकांकडं बघून हसायची.

असे काही हंगाम गेले. दर वेळी चांगल्या झाडांचं बी ठेवायचं, बाकीची उपटायची. हळूहळू वाफा शिस्तीत यायला लागला. झाडं एका उंचीची, मिरच्या लांब, लाल, सुरकुतलेल्या, आणि मी फोड खाऊन नुसती बसून राहायची. मामा म्हणाला, "दाजी, आता फक्त दुसऱ्या मिरचीचं वारं लागू देऊ नका. मधमाशी लई वाईट. तिला घर न्हाई, दार न्हाई." झालं, आबांनी आजूबाजूच्या सगळ्या शेतकऱ्यांना हात जोडले. कुणी या भागात मिरची लावू नये. कुणाला भेंडीचं बी आणून दिलं, कुणाला गवारीचं. एका म्हाताऱ्यानं मिरचीची चार रोपं लावली होती, त्याच्या नातवाची शिकवणी फुकट घेऊन ती उपटायला लावली. अख्ख्या शिवारात बंदोबस्त झाला. विचारायचं राहिलं ते फक्त आपल्या घरात.

त्याच्या पुढच्या साली आक्काला घनसावंगीचं स्थळ आलं. मुलगा, सिद्धार्थ, सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. बघायला आला तेव्हा चहा प्याला, पोहे खाल्ले आणि उठून गेला. मध्ये एक शब्द नाही. आक्का खोलीत येऊन म्हणाली, "मुका हाय का काय? मी काय आयुष्यभर भिंतीसंगं बोलू?" तिला शाळेवर नोकरी करायची होती आणि नवरा बोलका पाहिजे होता. माय म्हणाली, "बोलके नवरे मी बघितलेत. दिवसभर मिरचीवर बोलतात." आक्कानं होही म्हटलं नाही आणि नाहीही. साखरपुड्याचा दिवस ठरला आणि ती मनात गाठ मारल्यासारखी घरात फिरायला लागली. मला भीती वाटायची की ऐन वेळी ही काहीतरी बोलून बसेल.

तिकडं बोलणी करताना मुलाचे वडील मुकिंदराव जरा दबक्या आवाजात आबांना म्हणाले, "गुर्जी, एक सांगायचं होतं. मला तिखट बंद हाय." शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या, ताठ, डोक्यावर पदर. "पोट बिघडतं यांचं," त्या म्हणाल्या, "मीच बंद केलंय." आबांना जणू सख्खा भाऊ भेटला. त्यांनी मुकिंदरावांचा हात हातात घेतला. "साहेब, बिनघोर या. रस्सा लालभडक असंल, रंगाला भिऊ नका. आमची घरची मिरची हाय. लेकरानं खावं अशी." त्या दिवशी घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, की साखरपुड्याचा अख्खा स्वयंपाक आपल्या मिरचीवर होणार. मी म्हटलं, आबा, या वर्षीचं पीक मी चाखलंच नाही अजून. ते म्हणाले, "आता काय चाखायचं? वाण शुद्ध झालंय. कडेची दोन-चार झाडं मी स्वतः चाखून बघितलीत." आबांनी स्वतः मिरची चाखली, यावरनंच त्यांचा विश्वास किती पक्का होता ते कळावं.

वाळवलेल्या मिरच्यांचं पोतं सायकलला बांधून आबा आणि मी रशीदचाचांच्या कांडपावर गेलो. रशीदचाचांचं नाक कामातून गेलेलं आहे असं गाव समजायचं, कारण इतक्या वर्षांत मिरची कांडताना त्यांना कुणी शिंकताना पाहिलं नव्हतं. तोंडाला फडकंसुद्धा बांधायचे नाहीत. त्या दिवशी निम्मं पोतं झालं आणि चाचा शिंकले. मग परत शिंकले. मग शिंकतच बाहेर आले, ओट्यावर बसले, डोळे पुसत म्हणाले, "गुर्जी, लगता है मेरेकू सर्दी होरी."

"बराबर," आबा म्हणाले, "हवा बदलून राह्यली. आलं टाकून चहा घ्या."

चाचांनी बायकोला, जुलेखाचाचींना, आलं टाकून चहा करायला सांगितलं. चाचीही आतून शिंकल्या. आबा म्हणाले, "घरातल्या एकाला झाली की सगळ्यांना होते."

साखरपुड्याच्या दिवशी अंगणात मांडव घातला. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोंना हार, खुर्च्या शाळेतून आणलेल्या, मागच्या बाजूला तीन दगडांच्या चुलीवर वांग्या-बटाट्याचा रस्सा. आचारी वडीगोद्रीचा, हाताला सैल. तिखटाचा डबा बघून त्यानं विचारलं, "किती टाकू गुर्जी?" आबा म्हणाले, "टाका हात मोकळा सोडून. रंगापुरतीच हाय ती." आचाऱ्यानं हात मोकळा सोडला. रस्सा उकळला तेव्हा त्याला असा रंग चढला की शेजारच्या बायका बघून गेल्या. मायनं पळीतून थेंबभर हातावर घेऊन चाटलं. आबांकडं बघून म्हणाली, "आज पहिल्यांदा तुमच्या मिरचीला चव आली." इतक्या वर्षांत मायनं आबांच्या मिरचीचं केलेलं हे पहिलं कौतुक. आबांचे डोळे भरून आले. त्या रस्श्यामुळं आलेलं त्या दिवसातलं ते पहिलं पाणी.

त्रिशरण-पंचशील झालं, साडी-अंगठी झाली. सिद्धार्थनं आक्काच्या बोटात अंगठी घातली ती खाली मान घालून, तोंडातून चकार शब्द नाही. आक्कानं माझ्याकडं असं बघितलं, की आता काही खरं नाही. मग पंगत बसली. पुऱ्या, बुंदी, भात, वरण, आणि द्रोण भरभरून रस्सा. आबा हात जोडून पंगतीतनं फिरत होते. "पोटभर जेवा. रंगाला भिऊ नका. बिलकुल तिखट न्हाई."

पहिले काही क्षण नुसता भुरके मारल्याचा आवाज. मग एका कोपऱ्यातनं कुणीतरी खोकलं. मग एक बाई पदर तोंडाला लावून उठली. मग ओळीनं, जशी वाऱ्यानं ज्वारी हलावी, तशी पंगत हलायला लागली. "पाणी! पाणी आणा!" पाणी वाढणारी पोरं पळायला लागली. घनसावंगीचे एक म्हातारे पाहुणे उघड्या तोंडानं वारा घेत बसले. काशिनाथकाका, जे नुकतेच पुन्हा बोलायला लागले होते, डोळे गाळत ओरडले, "माझं नाव लावलेली मिरची घातली का रे यात?" आणि आबा पंगतीच्या मधोमध उभे राहून, गुरुजीच ते, सगळ्यांना समजावून सांगत होते, "लोकहो, ही मिरची तिखट न्हाई. हा तुमच्या मनाचा ग्रह हाय. लाल रंग बघितला की मन घाबरतं. हे बघा." त्यांनी एका भरल्या द्रोणातनं मोठा घोट घेतला. टकलावर एकदम घाम फुटला. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि उचकी आली. मग ते मांडवाच्या खांबाला धरून हळूहळू खाली बसले.

तेवढ्यात पंगतीतनं कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, "पाणी पिऊ नका! पाण्यानं आग पसरती! ताक आणा, ताक! न्हाई तर दूध!" सगळे वळून बघायला लागले. सिद्धार्थ उभा होता. नवा सदरा, डोळ्यातनं धारा, कान लालबुंद. "अहो, कुणीतरी हलाल का? लेकरांना आधी बुंदी द्या! म्हाताऱ्यांना ताक!" आक्का आतून ताकाची बादली घेऊन पळत आली. नव्या साडीचा पदर कमरेला खोचलेला. त्यानं एका बाजूनं बादलीची कडी धरली, तिनं दुसऱ्या बाजूनं, आणि होणारे नवरा-बायको पंगतीत ताक वाढत सुटले. तो पाव मिनिटाला शिंकत होता आणि ओरडत होता, "त्या आजींना अजून वाढा! अहो, ओतू नका, घोट घोट द्या! तोंडात धरा काका, गिळू नका लगेच!" बादली संपली तेव्हा आक्का हसत होती. दातांनी पदर धरून, अंग हलेपर्यंत. मागनं जाताना मी ऐकलं, ती त्याला म्हणाली, "तुम्हाला बोलता येतं की." तो म्हणाला, "कामाचं असंल तर येतं." मग परत शिंकला.

पण सगळ्यांचं लक्ष आता मुकिंदरावांकडं गेलं होतं. ज्यांना आबांनी शब्द दिला होता ते. ते मान खाली घालून बसले होते, गालावरनं धारा वाहत होत्या, आणि हात थांबत नव्हता. पुरी रस्श्यात, रस्सा तोंडात. द्रोण संपला होता आणि ते दुसरा ओढत होते. त्यांच्या पत्नी बायकांच्या पंगतीतनं उठून आल्या. "अवो, ताट बाजूला करा! पोट जाईल तुमचं!"

"हात लावू नको ताटाला," मुकिंदराव म्हणाले. "तू माझं तिखट बंद केलंस तवापासनं मी जेवलोच न्हाई. पोट भरत होतो नुसता. आज जेवलो." आणि खांबाला टेकून उचक्या देणाऱ्या आबांकडं वळून, रडक्या डोळ्यांनी, "गुर्जी, तुमी मला फसवलं, लई उपकार झाले. याचं बी पाहिजे मला. लग्नाच्या आधी."

साखरपुडा मोडला नाही. पाहुणे नाकं पुसत, एकमेकांच्या पाठी थोपटत, जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गेले. जाताना निम्म्या लोकांनी बी मागितलं. आबांना मात्र त्यात काही आनंद नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते, भानुदासमामा आणि मी वाफ्यात गेलो. "एकेक झाड चाख," आबा म्हणाले. आवाज बसला होता. मी चाखत गेले. एक गोड. एक गोड. एक असं, की मी आबांना जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. दिसायला तिन्ही तिळी भावंडं. लांबी तीच, रंग तोच, सुरकुत्या त्याच. मामानं टोपी मागं सारली. "दाजी, मागल्या साली कुठनं तरी तिखटाचा पराग आल्ता. आणि आला तो तुमच्या मिरचीसारख्याच दिसणाऱ्या झाडाचा." आबा म्हणाले, अख्ख्या शिवारात मिरची नाही. मामा बांधाबांधानं चालत गेला. तुरीच्या ओळीपलीकडं वाकला, आणि तिथंच खाली बसून हसायला लागला.

तुरीच्या आडोशाला मायचा वाफा होता. छोटासा, नीट खुरपलेला, लाल मिरच्यांनी भरलेला. आबांनी मायला बोलावलं. ती भाकरीच्या पिठाचे हात घेऊनच आली.

"हे काय हाय?" आबा म्हणाले.

"मिरच्या."

"कुणाच्या?"

"तुमच्याच. तुमी दर साली तिखट म्हणून झाडं उपटून बांधावर फेकायचे, त्यांच्या मिरच्या मी ओच्यात भरून न्यायची. त्यातल्या ज्या लई जाळ, त्यांचं बी ठेवायची. रंग तुमच्या मिरचीचा आणि चव माझ्या मायबापाच्या घरची. वाया घालवायचं व्हतं का?"

"अगं, पण मी सगळ्या गावाला मिरची लावायची बंदी केली आणि तू इथं, माझ्या नाकाखाली..."

"बंदी गावाला व्हती. मला कुणी विचारलं?"

आबा बांधावर बसले. मामा हसून हसून थकला होता. मी तिथंच उभी होते, तोंडात अजून आग, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: आबा आणि माय एकाच वाफ्यातनं, एकाच आईबापाच्या पोटची झाडं घेऊन, दोन टोकांना गेले होते, आणि दोघांचंही साधलं होतं. रंग एका वाटेनं चालत आला होता, तिखट दुसऱ्या वाटेनं, आणि दिसतं तसंच जिभेला लागतं असं काही नव्हतं. मी मामाला विचारलं, हे असं का होतं? मामा म्हणाला, "जेनेटिक." पुढं विचारलं तर म्हणाला, "मोठे साहेब सांगतात, आपल्याला शब्द पाठ हाय." त्या सकाळी मी ठरवलं, की आपण याचं पुढलं शिकायचं. पुढं परभणीला शेतकी शिकायला गेले तेव्हा मुलाखतीत विचारलं, हाच विषय का? मी म्हटलं, "घरातलं भांडण समजून घ्यायचंय." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

आक्काच्या लग्नात जेवणाला कुठली मिरची घातली हे सांगायला नको. मायच्या वाफ्यातलं बी घनसावंगीला गेलं, तिथनं गोदाकाठच्या गावांत, आणि लोक तिला 'साखरपुड्याची मिरची' म्हणायला लागले. बाजारात अनोळखी माणसं म्हणायची, "साखरपुडा द्या पावशेर," आणि नवखं गिऱ्हाईक गोड असंल म्हणून घेऊन जायचं. मुकिंदरावांना दर रविवारी तिखटाची मोकळीक मिळाली, असा त्यांच्या घरात तह झाला. आक्का शाळेवर लागली. सिद्धार्थ अजूनही कामाचं असेल तेवढंच बोलतो, पण आक्का म्हणते, त्याला बोलतं करायचं असेल तर फोडणीत हात सैल सोडायचा.

आबांनी मात्र सगळं पुन्हा पहिल्यापासनं सुरू केलं. झाडन्‌झाड माझ्याकडनं चाखून घेतलं, जी तिखट निघाली ती काढली, गोड राहिली त्यांचं बी ठेवलं. गावात कुणाला ते नको होतं. मामासुद्धा म्हणाला, "दाजी, याला बाजार न्हाई." आबा म्हणाले, "बाजारासाठी कुठं करून राह्यलो." त्या हंगामात एका सकाळी मी उठले तर खलबत्त्याचा आवाज नव्हता, आबांचा खोकला नव्हता. तुरीपलीकडं गेले तर मायचा वाफा रिकामा. तिनं सगळी झाडं मुळांसकट मातीच्या ढेकळासह काढून टोपलीत भरून नेली होती, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, जुलेखाचाचींच्या परसात. आबांनी तिला काही सांगितलं नव्हतं, तिनंही सांगितलं नाही. तेव्हापासनं मूठभर मिरच्यांसाठी तिला अख्खं गाव ओलांडून जावं लागायचं. ऊन असो, चिखल असो. पारावर बसलेली माणसं मुद्दाम विचारायची, "कौतिकाबाई, कुठं चाललीस एवढ्या लांब?" आणि माय चाल न थांबवता, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणायची, "माझ्या नवऱ्याच्या मिरचीला माझी दृष्ट लागती म्हणून चालले!"